बाबांच्या हाती माइक

आता माझ्या फजितीचं काय सांगू तुम्हाला! आमच्या गावचा कबड्डी संघ अंतिम सामना हरला. समोरच्यांनी नाही हो, मीच हरवला!

पुण्यात शिकलो, नोकरी नाकारली आणि आरमोरीजवळच्या आमच्या गावी परतलो. कशाला? तर कबड्डीने गाव घडवायला! बाबा झाडीपट्टीच्या नाटकांतले नट. दुःखी बापाची भूमिका द्या, अख्खा मंडप रडवतील. खेळाचं मात्र वावडं.

"मातीत लोळाले शिकून आला का रे बाबू?" हा त्यांचा रोजचा टोमणा. एकदा तरी माझा खेळ त्यांना पटावा, एवढीच माझी धडपड.

म्हणून त्यांना सामन्याला ओढत नेलं.

"मले काई समजत नाई तुहा खेळ."

"बाबा, नाटकच आहे असं समजा!"

इथेच फसलो!

समालोचक आलाच नाही. गावाने माइक कुणाला द्यावा? खणखणीत आवाजाच्या माणसाला! थेट बाबांच्या हाती!

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. "कबड्डी, कबड्डी" करत घुसलो, एका गड्याला शिवलो. आता फक्त दम न सोडता मधली रेषा गाठायची. तेवढ्यात माइकवर हुंदका!

"हा माझा एकुलता एक लेक! वैऱ्यांच्या वेढ्यात एकटा! अन् घरी त्याची माय वाट पाहून राह्यली रे!"

माय तर समोरच बसली होती, शेंगा खात! पण तीही उठली, "सोडा जी माह्या पोराले!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला धरायला आलेला गडीसुद्धा थबकला, "काय झालं भाऊ?"

वाट मोकळी! रेषा हातभर लांब! नुसतं "कबड्डी" म्हणत चालत गेलो असतो तरी जिंकलो असतो.

आणि मी काय करावं? माइककडे वळून ओरडलो, "बाबा! हे नाटक नाही, हे माझं जीवन आहे!"

दम तुटला. शिट्टी वाजली. मी बाद!

पोरं माझ्याकडे बघेनात. एवढ्यात बाबा धावत आले, डोळे भरलेले.

"काय संवाद फेकला रे बाबू! काटा आला अंगावर!"

मी रागाने त्यांच्याकडे वळलो. चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं, तर बाहेर काय पडावं?

"बाबा, 'जीवन'वर आवाज थोडा फाटला का हो?"