बिल्ला नंबर एकशे बारा

पहिल्याच दिवशी तात्यांनी माझ्या तळहातावर पितळेचा एक गोल बिल्ला ठेवला आणि म्हणाले, "एकशे बारा. हा हरवला तर तू हरवलीस असं मी धरून चालणार. पाना दुसरा मिळतो गं बाय, माणूस मिळत नाय." मला हसू आलं. मी काही त्या कारखान्यात नोकरीला आले नव्हते. तिथं एक महिना बसायचं, कागद भरायचे आणि जाताना तात्यांची सही घ्यायची, एवढंच माझं काम होतं. पण तात्यांच्या खिडकीच्या आत जो येईल त्याला बिल्ला मिळायचा. मग तो मॅनेजर असो नाही तर कॉलेजातली पोरगी.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. कॉम्प्युटर आमच्या वाट्याला आठवड्यातून दोन तास यायचा, तोही नंबर लावून. उद्योगधंद्यातली माहिती-व्यवस्था हा माझा खास विषय होता आणि त्याचं प्रोजेक्ट मोठं अवघड होतं. खऱ्याखुऱ्या कारखान्यातलं एक खातं घ्यायचं, त्याच्या कागदांचा अभ्यास करून नवी पद्धत बसवायची, जुनी आणि नवी महिनाभर बरोबरीनं चालवायची. दोन्ही जुळल्याचा दाखला खात्याच्या मुख्याच्या सहीनं आणायचा. दाखला नाही तर पदवी नाही.

माझे वडील कर्जतला शिंपीकाम करत. खोपोलीजवळच्या एका कागद कारखान्याच्या शिपायांचे गणवेश ते शिवायचे, त्या ओळखीवर मला परवानगी मिळाली. शिळफाट्याला मावशी होती, राहण्याची सोय झाली. खातं मिळालं ते हत्यारांच्या स्टोअरचं, आणि त्याचे मुख्य सखाराम गायकवाड, म्हणजे तात्या. कॉम्प्युटर हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता तेवढाच. माझी चार वर्षं अशा माणसाच्या सहीवर येऊन थांबली होती, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच अट घातली, "म्हैनाभर जुळलं तर सही. एक दिस जरी नाय जुळला तरी सही नाय. मग रडायचं नाय."

तात्या ठेंगणे, काळेसावळे, एका पायानं किंचित लंगडत चालणारे. खाकी शर्ट, कानामागं पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या पाठीमागं भिंतभर लाकडी फळा होता आणि त्यावर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्यावर एक हत्यार. कामगारानं हत्यार नेलं की त्याच खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आणलं की बिल्ला परत. पाळी सुटली की तात्या फळ्यावरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवायचे, सगळी रांग चाचपून झाल्याशिवाय खिडकी बंद करायचे नाहीत. त्या नादात पळसदरीला घरी जायची त्यांची गाडी किती वेळा चुकली याची गणतीच नाही. मी एकदा म्हटलं, "तात्या, नुसतं बघून कळतं की." ते म्हणाले, "डोळं शिकलेलं असतात, त्यांना वाटतं तेच दिसतं. हात अडाणी हाय. त्याला जे हाय तेच लागतं."

माझ्या आकृत्या काढायला पट्टी नव्हती. त्यांनी पोलादाची फूटपट्टी काढून दिली आणि माझ्यापुढं हात पसरला. मी बिल्ला दिला. एकशे बारा नंबर शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खिळ्यावर गेला.

माझी पद्धत सोपी होती. हत्यार गेलं की तक्त्यात एक ओळ, परत आलं की त्या ओळीत हिरवी खूण आणि 'व्यवहार पूर्ण'. आठवड्याचे तक्ते कॉलेजात नेऊन मी कॉम्प्युटरला भरवणार होते. तात्यांनी विचारलं, "तुझा तो कॉम्प्युटर करतो काय नेमकं?" मी सांगितलं, लिहिलेलं तेवढंच करतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. "मग मी व्हतो कॉम्प्युटर," असं म्हणून ते स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मी माझा कागद वाचू लागले. 'पाना परत घ्या.' त्यांनी घेतला. 'खूण करा.' केली. आणि पाना तसाच हातात धरून बसून राहिले, कारण खिळ्यावर अडकवा असं मी कुठं लिहिलंच नव्हतं. चहा आला. त्यांनी घेतला नाही. "हातात पाना हाय. कुठं ठेवू ते लिवलेलं नाय." चहा निवून साय धरली तरी माणूस हलेना. असल्या खेळातून माझ्या सतरा चुका निघाल्या. कॉलेजातल्या सरांनी त्यातल्या तीनसुद्धा काढल्या नसत्या.

पण खेळ तेवढाच. बाकी तो महिना मी जीव मुठीत धरून काढला. खिडकीशी येणारी माणसं माझा तक्ता पाहून बोलायची थांबायची. ही पोरगी यंत्र आणून आपल्या पोटावर पाय देणार, अशी कुजबुज होती. एका सकाळी खिडकीच्या फळीवर खडूनं 'परत जा' लिहिलेलं सापडलं. तात्यांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं आणि मला काही न विचारता कामाला लागले. रोज तीनला पाळी सुटली की ते आपलं रजिस्टर उघडायचे, मी माझा तक्ता. बोट एकेका ओळीवरून सरकायचं. "जुळतंय," एवढंच म्हणायचे. पंचवीस दिवस जुळलं.

सव्विसाव्या दिवशी दुपारी तात्या गेटवर ट्रक उतरवून घ्यायला गेले. खिडकीत मी एकटी होते. पाळी सुटायला वीसेक मिनिटं राहिली असतील. झाडलोट करणारा एक कामगार मोठा पाना घेऊन आला. "यशवंताचा हाय. लगद्याच्या टाकीवर पडला होता. इसरून गेला असंल कुठं." यशवंत फिटर होता, बिल्ला नंबर सत्तेचाळीस. मी पाना घेतला, खिळ्यावरचा सत्तेचाळीस काढून बिस्किटांच्या डब्यात टाकला, पाना खिळ्यावर अडकवला आणि तक्त्यात हिरवी खूण केली. व्यवहार पूर्ण. सुबक खूण होती. आपण सगळं किती नीट केलं याचं मला समाधानही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीनचा भोंगा झाला. तात्या आले आणि सवयीनं त्यांचा हात फळ्यावर गेला. मोठ्या पान्यापाशी थांबला. "यशवंता कधी येऊन गेला?"

"ते नाही आले. त्यांचा पाना दुसऱ्यानं आणून दिला."

"बिल्ला कुणाला दिलास?"

"डब्यात ठेवलाय."

तात्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्चीवरून उठले. ते म्हणाले, "माणसाच्या हातातच द्यायचा असतो गं तो," आणि चालायला लागले. चालायला नव्हे, पळायला. लंगडणारा माणूस पळतो तेव्हा बघवत नाही. मी मागून धावले.

टाकी दोन पुरुष खोल. धुऊन काढली होती आणि आत यशवंत घुसळणीच्या पंख्याचे नट आवळायला उतरला होता. दुसऱ्या पाळीचा मुकादम लगदा सोडायच्या चाकावर हात ठेवून उभाच होता. तात्या लांबूनच ओरडले, "चाक सोड. माणूस आत हाय." मुकादम म्हणाला, "आत कोण नाय तात्या, हत्यार पण जमा झालं. मघाशी इचारून आलोय." मघाशी त्यानं विचारलं होतं ते मलाच. मी तक्ता बघून सांगितलं होतं, सगळं आलं.

तात्यांनी त्याचा हात धरून चाकावरून काढला. टाकीच्या तोंडातून खाली बॅटरी मारली तेव्हा तळाशी यशवंत कुशीवर पडलेला दिसला. काम संपवून त्यानं पाना वर ठेवला होता आणि पायरीवर चढता चढता कुजलेल्या लगद्याच्या विषारी हवेनं तो खाली कोसळला होता. दोघं जण लगेच उतरायला निघाले. तात्यांनी त्यांना आडवा हात घातला. "कोण उतरू नका. आधी वारा सोडा आत, नायतर तिघं काढावं लागतील." हवेचा पाइप सोडला. ती पाच मिनिटं कशी गेली ते मला आजही लिहिता येत नाही. मग कमरेला दोर बांधून एक जण उतरला आणि यशवंताला वर काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. श्वास चालू होता.

चौकशीत तात्यांनी लिहून दिलं की खिडकी सोडून मी गेलो, चूक माझी. मी मॅनेजरपुढं सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ती कामगार नाय साहेब. खिडकी माझी हाय." एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना ताकीद मिळाली ती पहिली आणि शेवटची. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. बाहेर आल्यावर मी रडले. ते म्हणाले, "रडू नको. अजून चार दिस हायत तुझे. भर कागद."

महिना संपला. तात्यांनी सगळे तक्ते रजिस्टराला लावून पाहिले. सव्विसाव्या दिवशी त्यांचं बोट माझ्या हिरव्या खुणेवर आलं, क्षणभर थांबलं आणि पुढं गेलं. "जुळतंय." दाखल्यावर त्यांनी सावकाश, वळणदार सही केली. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सही करताय?" ते म्हणाले, "जुळलं तर सही देईन म्हनलो होतो. जुळलंय. एक पाना कमी नाय." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "तुझ्या कागदाला पानाच पायजे होता. त्याला तो मिळाला."

कर्जतला गाडी बदलताना मी बाकावर बसून तो तक्ता पुन्हा काढला. सव्विसावा दिवस, नंबर सत्तेचाळीस, मोठा पाना, परत, व्यवहार पूर्ण. त्या ओळीत एक अक्षर चुकीचं नव्हतं आणि त्या वेळी माणूस टाकीच्या तळाशी पडला होता. मला माझी लाज वाटली. वडिलांना सांगितलं की मी हे देणार नाही, पुन्हा करणार. ते शिलाई थांबवून म्हणाले, "सही झालीय ना? मग आता काय?" सरांनीही वेड्यात काढलं. माझ्या सहा महिन्यांवर पाणी पडलं, बरोबरच्या मुली नोकरीला लागल्या आणि मी पुन्हा शिळफाट्याला मावशीकडे आले.

नव्या तक्त्यात दोन खुणा होत्या, एक हत्याराची आणि एक माणसाची. दुसरी झाल्याशिवाय ओळ पुरी होत नव्हती. तात्या परत कॉम्प्युटर झाले. मी एका शिपायाच्या हाती यशवंताच्या नावाचा पाना पाठवला. कागदावर लिहिलं होतं, 'पाना खिळ्याखाली ठेवा. बिल्ला काढू नका. माणूस कुठे आहे ते विचारा.' तात्यांनी पाना खाली ठेवला, शिपायाला विचारलं, "यशवंता कुठं हाय?" आणि मग माझ्याकडं न बघता चहाचा कप उचलला. मला पदवी मिळाली ती खरं तर त्या घोटाबरोबर. कॉलेजानं कागद नंतर दिला.

दुसऱ्यांदा सही घेऊन निघाले ते गडबडीत. या वेळीही बिल्ला देऊन घेतलेली त्यांची फूटपट्टी माझ्या पिशवीतच राहिली.

मुंबईत नोकरी लागली. टेबलावर ती पट्टी असायची. एकदा तात्यांचं कार्ड आलं, 'बिल्ला खिळ्यावर आहे. सवड झाली की ये.' मला गंमत वाटली. कार्ड पुस्तकात खुणेला ठेवलं आणि पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. तो पुढचा महिना तीन वर्षं आला नाही. त्यात तात्या निवृत्त झाले. मग एका रविवारी कर्जत स्टेशनवर यशवंत भेटला. एक खांदा उतरलेला, कडेवर मुलगी. म्हणाला, "तात्या गेलं. आज पुण्यानुमोदन हाय, तिकडंच निगालोय." मी तशीच त्याच्याबरोबर पळसदरीला गेले.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. दाराशेजारच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्यावर पितळेचा बिल्ला. एकशे बारा. तात्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "निवृत्तीच्या दिशी हिशोबात पट्टी कमी भरली. यांनी बाजारातून नवी आणून दिली आणि सायबाकडून हा बिल्ला मागून घेतला. भायेरनं आलं की आधी यावर हात फिरवायचं, मग चपला काढायचं."

मी बिल्ल्याकडं हात नेला, तर काकूंनी हळूच माझं मनगट धरलं. "पट्टी आनलीस का?"

"नाही काकू. मुंबईला आहे."

"मग नाय देता यायचा. बजावून ठेवलंय मला. म्हनलं, पट्टी कोनी पाठवून दिली तरी बिल्ला काढायचा नाय. ती सोता यायला पायजे."

पुढच्या रविवारी मी पट्टी घेऊन गेले. काकू चुलीपाशी होत्या, हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पट्टी खिळ्यावर अडकवली, बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "जेवलीस का?"