बिनआडनावाची सीताबाई

मानोऱ्याच्या बाजारात चंपतराव वांगी अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या विकत, पण ओरडत कधी नसत. ओरडायचं खातं बायकोकडं, सीताबाईकडं. ती वारली, तरी खातेबदल झाला नाही. मुलाच्या जुन्या लॅपटॉपात तिची आरोळी भरून ठेवलेली होती. त्याला भोंगा जोडला की धंदा सुरू. बायका भोंग्याशीच भाव करत. "सीते, लय महाग लावून राह्यली तू!" रुखमाबाई तर कडाकडा भांडायची. चंपतराव खेकसत, "डब्ब्याशी काय बोलता?"

माणूस टापटिपीचा, तीच खोड नडली. एका दुपारी त्यांना दिसलं, की प्रत्येक फायलीच्या नावामागं टिंब देऊन शेपूट लावलंय. हे आडनाव, त्यांनी ताडलं. पण एकाच घरातल्यांना आडनाव कायले? त्यांनी एकेक शेपूट खोडायला घेतलं. यंत्र काकुळतीनं विचारत होतं, फाइल निकामी होईल, खरंच बदलू?

"बदल म्हनलं ना!"

लग्नाचे फोटो, सातबारा, सीताबाई, सगळ्यांचे एकसारखे कोरे कागद झाले. उघडायला जावं तर लॅपटॉप विचारी, हे कशात उघडू? चंपतरावांनी घाबरून सीताबाईला फोटोंचं आडनाव लावलं. यंत्र म्हणालं, हे चित्र दिसत नाही.

बाजारात भोंगा मुका. "बाई नाही का आज?" म्हणत गिऱ्हाइकं पुढं जात. वांगी गेली उडत. पण तिचा आवाज आपण आपल्या हातानं घालवला, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

शेवटी त्यांनी सुनेपाशी कबूल केलं. राधिका प्रोग्रामिंग शिकलेली. "मामाजी, हा लॅपटॉप शेपटीच पाह्यते. अंदर कोन हाय, थे पाहतच नाही. पन फायलीच्या आत पयल्याच अक्षरायत वळख रायते. आवाजाची येगळी, फोटोची येगळी."

तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक फायलीत डोकावला, पहिली अक्षरं वाचली अन् ज्याचं त्याला आडनाव लावत सुटला.

बाजाराच्या दिवशी हातगाडीवर, वांग्यांच्या ढिगाशेजारी, चंपतरावांनी बटण दाबलं. भोंगा खरखरला. आरोळीआधीचं तिचं बोलणंही त्यात होतं, नेहमीचंच, त्यांनी कधी कान न दिलेलं:

"चालू झालं का? मंग तोंड काहून पाडून राह्यले?"

रुखमाबाई समोरच पिशवी उघडून उभी होती. चंपतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले अन् लॅपटॉपकडं वळून म्हणाले, "नाही पाडलं वं."