गाळात उतरवलेला साहेब

इंग्लंडातल्या पोर्ट्समथच्या धक्क्यावर केझाया पाउन्सेटचा आवाज आधी पोचायचा, तिची भाजीची होडी मागून. कोबी, कांदे, ताजा पाव आणि शिव्या, एवढा माल ती आरमाराच्या जहाजांना पुरवी. 'हेरॉन' जहाजावर तिचा नवरा ओबेड खलाशी होता आणि धाकटा भाऊ जेथ्रोही. दोघांना पाव फुकट. शिव्या मात्र दुप्पट.

'हेरॉन'वर लेफ्टनंट थॉर्नबीचा नियम होता: शीड आवरून डोलकाठीवरून जो शेवटी उतरेल, त्याच्या पाठीवर चाबूक. ओबेडचा गुडघा दुखावलेला. मागं राहू नये म्हणून त्यानं वरूनच दोराकडे झेप घेतली. दोर हुकला. तो डेकवर आपटला आणि जागीच गेला. थॉर्नबी एवढंच म्हणाला, "डेक धुऊन घ्या."

जेथ्रोनं हे बहिणीला सांगितलं, आणि केझायाच्या शिव्या बंद झाल्या. खलाशांना त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

पुढच्या वसंतात सगळ्या आरमारानं बंड केलं. पगार वाढेपर्यंत नांगर उचलायचा नाही, आणि जुलमी अधिकारी जहाजावर ठेवायचे नाहीत. जहाजाच्या होड्या खलाशांनी निवडलेल्या बंडाच्या पंचांनी कामाला लावलेल्या, म्हणून थॉर्नबीला किनाऱ्यावर पोचवायला केझायालाच हाक गेली. जेथ्रो त्या पंचांपैकी एक. शिडीवरून वाकून तो कुजबुजला,

"ताई, याच्या केसाला धक्का लागला तर बंडाला मिळणारी राजाची माफी गेली. पहिला फासावर मी."

"कळतंय. बस म्हणावं कोबीच्या गड्ड्यांवर."

बंदरात शिरताच तिनं धक्का सोडून होडी गाळाकडे वळवली. ओहोटी संपत आली होती.

"धक्का तिकडे आहे, बाई!"

"किनाऱ्यावर सोड म्हणालेत. हा किनारा नाही तर काय डोंगर आहे? उतरा. चटचट, साहेब! रेंगाळलेलं तुम्हालाच खपत नाही ना?" तिनं वल्हं उगारलं.

थॉर्नबी उतरला आणि मांड्यांपर्यंत रुतला. कालवं वेचणाऱ्या बाया गोळा झाल्या.

"अगं केझाया, हा कोबी इथं रुजायचा नाही!"

केझाया हसली नाही. "माझ्या नवऱ्याचं नाव सांगा, साहेब. मग वल्हं देते."

"कोण नवरा?"

"ज्याच्यामागं डेक धुतला, तो."

भरती लागली. पाणी कमरेला आलं.

"बेकर?"

"नाही."

"लोवेल? मग... फ्लिन! फ्लिनही वरूनच पडला होता!"

किनाऱ्यावरचं हसू थांबलं. फ्लिनची आई तिथंच उभी होती. पोरगा तापानं गेला, असं तिला कळवलं होतं.

"वल्हं देऊ नकोस, केझाया," ती शांतपणे म्हणाली. "तुला माझी शपथ."

पाणी छातीला लागलं. थॉर्नबी आता लहान पोरासारखा रडत होता. केझायानं दूर समुद्राकडे, 'हेरॉन'च्या डोलकाठ्यांकडे पाहिलं. भावाला टांगायला त्या पुरेशा उंच होत्या. मग तिनं वल्हं पुढं केलं.

"ओबेड पाउन्सेट. म्हणा."

तो म्हणाला. किनाऱ्याला ऐकू जाईपर्यंत तिनं म्हणवून घेतलं, आणि मग त्याला ओढलं.

बंड मिटलं, माफी मिळाली, जेथ्रो वाचला. तुझं मन शांत झालं का, असं पुढं म्हातारपणी कुणी विचारलं, तर केझाया म्हणे, "त्याला ओढलं ते जेथ्रोसाठी. माझ्यापुरता तो अजून तिथंच रुतलेला आहे, आणि पाणी चढतंय."