रखमानं लावलेला कौल

रखमा तोंडाची भलतीच फटकळ. गिरगावच्या मच्छीबाजारात तिच्याशी हुज्जत घालायची छाती फार थोड्यांची होती. एखाद्या गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला उघडून नाक मुरडलं, की ती म्हणायची, "त्याला काय इचारतंस बाय? मना इचार. काल तो कुठं पोहत व्हता ते मी सांगते!" सगळा बाजार हसायचा. मनात आलेलं ओठावर यायला तिला वेळ लागत नसे. अशा बाईला एक गोष्ट मात्र जन्मभर बोलता आली नाही, आणि जिच्यापायी तिचं काळीज पोखरलं ती नेमकी तीच.

तिचं घर वरळीच्या कोळीवाड्यात. नवरा दगडू होडीवर जायचा. मुलगे दोन. थोरला रघू आगबोटीवर खलाशी म्हणून एडनकडे गेला आणि परतलाच नाही. बुडाला म्हणावं तर कोणी पाहिलेलं नाही, जिवंत म्हणावं तर निरोप नाही. रखमानं त्याचं सुतकही धरलं नाही आणि वाट पाहणंही सोडलं नाही. मग धाकट्या हरेश्वराला दर्यापासून लांब ठेवायचं म्हणून तिनं त्याला शाळेत घातलं. शाळासुद्धा पोरं पळवते, हे तिला तेव्हा कोण सांगणार?

पहाटे ती डोक्यावर पाटी घेऊन गिरगावची वाट धरायची, आणि हरेश्वर तिच्या मागोमाग. ती बाजारात बसली की हा शाळेच्या ओसरीवर जाऊन बसे. वर्गातली पोरं त्याला पाहून नाक दाबायची. संस्कृत शिकवणाऱ्या हेरंबशास्त्र्यांनी सुरुवातीला त्याला दाराशीच बसवला होता. मोठे सोवळ्याओवळ्याचे गृहस्थ! पण या पोराच्या तोंडून श्लोक ऐकला की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. हळूहळू हरेश्वर दारापासून पुढे सरकत सरकत शास्त्रीबुवांच्या समोर येऊन बसू लागला, आणि त्याला मागे जा म्हणण्याचं बुवांना कधी सुचलं नाही.

मॅट्रिकचं वर्ष उजाडलं तेव्हा हे शास्त्रीबुवा एके दिवशी चक्क मच्छीबाजारात आले. उपरण्याचं टोक नाकाला, धोतर दोन बोटांनी वर उचललेलं, पाय ठेवायला कोरडी जागा शोधताहेत. बायका पदर तोंडाला लावून खिदळू लागल्या. रखमाही हसणार होती, पण ते तिच्याच पाटीपाशी येऊन थांबले.

"हरेश्वर तुमचाच ना, बाई?" ते म्हणाले. "त्याला परीक्षेला इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा घ्यायची आहे. मराठी घेतली तर तो झोपेतसुद्धा पास होईल. पण पुढं कॉलेजात मराठीला जागा नाही, तिथं संस्कृतच लागतं. संस्कृत घेऊ द्या त्याला. कठीण आहे, पण पोराला गती आहे. माझा भाऊ पुण्याच्या कॉलेजात शिकवतो. फी माफ करवून घेईल, राहण्याचीही सोय पाहील."

"पुन्याला?" रखमा म्हणाली. "आनि मंग परत कवा येल?"

शास्त्रीबुवांना खोटं बोलता येत नसे. "शिकलेला माणूस काम नेईल तिकडे जातो, बाई," ते म्हणाले.

त्या दिवशी रखमानं मासळी मिळेल त्या भावाला फुंकून टाकली आणि ऊन चढायच्या आत घर गाठलं.

घरी खल झाला. दगडूला पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं. "कठीण घेतलं नि नापास झाला तं? सोपं घेतलं नि तिथंच अडला तं?" तो डोकं खाजवत म्हणाला. "मना नाय कळत. देवीला इचार." हरेश्वराला संस्कृत हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर आंधळ्यालाही वाचता आलं असतं. पण त्यानंही मान डोलावली. कोळीवाड्यात नवी होडी दर्यात लोटायची, पोरीचं लग्न ठरवायचं, तर टेकडीवरच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. इंग्रजी शाळेत गेला म्हणून काय, पोरगा त्याच वाड्यातला होता.

कौलाची रीत अशी. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवतो. विचारणाऱ्यानं हात जोडून प्रश्न मनातल्या मनात विचारायचा. तो देवीनं ऐकायचा, दुसऱ्या कोणी नाही. आधी उजवी कळी पडली तर संस्कृत, डावी पडली तर मराठी, असं घरातून ठरवून निघालेले. "पोराचं भलं कशात हाय, येवढंच इचार," असं दगडूनं बजावलं होतं.

सकाळी उपाशीपोटी मायलेक टेकडी चढले. हरेश्वर दाराबाहेर उभा राहिला. रखमानं देवीपुढे हात जोडले, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे रघू उभा राहिला. कपड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून, मागे वळून न बघता चाललेला. पोराचं भलं कशात, हा प्रश्न कुठल्या कुठे राहिला. तिनं देवीला विचारलं, "माय, काय घेतलं तं माजा पोर माज्यापाशी ऱ्हाईल?"

डावी कळी पडली.

आता सांगा, देवीचं यात काय चुकलं? जे विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं.

रखमा बाहेर आली आणि "मराठी," एवढंच म्हणाली. हरेश्वरानं उंबऱ्याला डोकं टेकलं आणि आईच्या पुढे होऊन भराभर टेकडी उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं संस्कृतची पुस्तकं वर्गातल्या माधवला देऊन टाकली. शास्त्रीबुवांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. "देवीपुढे मी काय बोलणार?" म्हणाले, आणि माधवला धडा म्हणायला सांगून खिडकीबाहेर बघत बसले. माधवनं दोनदा चूक केली, ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

हरेश्वर पास झाला. अख्ख्या कोळीवाड्यात पहिला मॅट्रिक! ताशे वाजले, गुलाल उधळला, दगडूला तर काय करू नि काय नको असं झालं. पुढे बंदरावरच्या एका पेढीत पोराला कारकुनी लागली. मग लग्न झालं, शांती घरात आली. गुणाची पोर. रोज दिवेलागणीला हरेश्वर घरी येई, हातपाय धुई, जेवी आणि अंगणात बसून राही. आईनं हाक मारली की ओ देई. कधी उलटून बोलला नाही. पण पूर्वी तो बाजाराच्या वाटेवर तिला एकेक श्लोक म्हणून दाखवायचा, अर्थ सांगायचा, आणि ती पाटीखालून "काय मेलं ते तोंड वाकडं करून बोलतंस!" म्हणून त्याची टर उडवायची. ते सगळं बंद पडलं. एकदा तिनंच आपणहून म्हटलं, "बाला, म्हन की रं ते तुजं." तो हसून म्हणाला, "इसरलो मी, आये." विसरला नव्हता, हे तिला कळलं. आईला नाही कळणार तर कोणाला?

काही वर्षांनी प्लेग आला. त्यात शास्त्रीबुवा गेले. त्यांच्या जागी कोणाला नेमलं हे हरेश्वराला एका संध्याकाळी पेढीवरून येताना समजलं.

रखमा किनाऱ्यावर वाळलेले बोंबील दोरीवरून काढत होती. तो सरळ तिच्यापाशी येऊन वाळूत बसला. असा तो हल्ली बसत नसे.

"आये, माधव भेटला," तो म्हणाला. "पुन्याला शिकून आला. आता शास्त्रीबुवांच्या जागेवर तोच शिकवतोय. मना म्हनला, तुजीच पुस्तकं होती रे हरेश्वर, तुजीच जागा होती."

रखमानं हातातले बोंबील खाली ठेवले. आज बोलायचंच, असं तिनं ठरवलं. किती वर्षं हे उरावर वागवायचं? पोरगा शिव्या देईल, घर सोडील, पण एकदाचं मन मोकळं तरी होईल. तिनं तोंड उघडलं, "बाला, त्या दिशी मी देवीला..."

"त्याचंच सांगतोय," हरेश्वर म्हणाला. कधी नव्हे तो आज बोलायला लागला होता. "पेढीत मान मोडून बसलो की कवा कवा लय वाईट वाटतं, आये. वाटतं, सगळं टाकून कुठंतरी जावं, नायतर समोरच्या पान्यात उडी घ्यावी. मंग मी मनाला सांगतो, हे काय मानसानं ठरवलेलं नाय. देवीनं माजं भलं बघून सांगितलंय. आपल्याला कळत नाय, तिला कळतं. तेवढ्यावर दिवस निघतो बघ." मग लहानपणी विचारायचा तसं त्यानं विचारलं, "तू नीट इचारलं व्हतंस ना गो, आये? माजं भलं कशात, असंच ना?"

रखमानं पोराकडे पाहिलं. कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. एवढ्या लवकर! त्याच्या डोळ्यांत तिच्या उत्तराची केवढी आस होती.

"हां रं बाला," ती म्हणाली. "तुज्या बापानं सांगितलं तसंच इचारलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

हरेश्वरानं मोठा श्वास सोडला. "मंग झालं," म्हणाला. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि कितीतरी वर्षांनी तो आईबरोबर दोरीवरचे बोंबील काढू लागला. मध्येच काहीतरी सांगून हसलाही. रखमा हूं हूं करत राहिली. देवीनं दिला होता तसा पोर तिच्यापाशी होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, आणि आता मरेपर्यंत तिला त्याच्याशी खोटं बोलूनच त्याला जगवायचं होतं.