वहीतल्या बरोबरच्या खुणा

बत्तीस वर्षं सिंधूताईंनी शाळेत गणित शिकवलं, पण हजेरीपटात एक खोटी खूण केली नाही. मुख्याध्यापकांचा भाचा असला तरी गैरहजर म्हणजे गैरहजर! अशा बाईनं म्हातारपणी नवऱ्याच्या व्यायामाच्या वहीत दोन महिने धडधडीत खोटं लिहावं, आता काय म्हणावं!

नवरा म्हणजे नरहरराव. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढलेला, निवृत्तीनंतरही रोज जवाहर चौकापर्यंत पायी जाऊन भाजी आणणारा माणूस. मार्चमध्ये एका सकाळी म्हणाले, "सिंधू, डाव्या हाताला मुंग्या येताहेत गं." ताई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उशी वाकडी झाली असेल. झोपा जरा." ते झोपले. दोन तासांनी जाग आली तेव्हा डावं अंग लुळं पडलं होतं. "लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते 'झोपा' ताईंनी पोटच्या मुलालाही सांगितलं नाही. पण खाई त्याला खवखवे!

मग काय, नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपणं सुरू झालं. शर्टाची बटणं ताई लावणार, घास ताई भरवणार, तहान लागायच्या आत पेला हजर. "मी करतो ना," राव आधी चिडायचे. पुढे पुढे म्हणेनासे झाले.

अरेरा कॉलनीतली फिजिओथेरपिस्ट योगिनी, भोपाळातच वाढलेली पोर, तिनं एक वही दिली होती. "काका दिवसातून दोनदा खुर्चीतून दहा-दहा वेळा उठतील-बसतील, मग गॅलरीत वीस मिनिटं चालतील. थोडा दम लागलाच पाहिजे, त्यानंच ताकद येते. झालं की खूण करा. आणि काकू, तुम्ही बिल्कुल हात लावायचा नाही हं!"

पहिल्याच दिवशी चौथ्या वेळेला रावांचा गुडघा लटपटला, कपाळावर घाम आला. ताईंच्या काळजाचं पाणी झालं. "पुरे हो! उद्या करू." त्यांनी हातात चहा दिला आणि वहीत बरोबरची खूण केली. तो उद्या काही उजाडला नाही. वही मात्र भरत गेली.

दोन महिन्यांनी योगिनीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात रावांना घड्याळ लावून सहा मिनिटं चालवलं. मागच्या वेळी एकशेवीस मीटर झाले होते, या वेळी नव्वदच. तिनं वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"घोडं कुठं पेंड खातंय कळत नाही, काकू. काकांनी एक दिवस चुकवला नाही, तरी मागेच जाताहेत. मग बहुतेक मजल एवढीच. चौकापर्यंत चालायचं आता सोडून देऊ. घरातल्या घरात वॉकरवर निभावलं तरी पुष्कळ."

नरहररावांनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण ते बोलले नाहीत. चारचौघांत खरडपट्टी काढली असती तर परवडलं असतं. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"योगिनी, वही खोटी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची मजल नाही गं खुंटली. मीच त्यांना उठू दिलं नाही."

योगिनीनं वहीतलं कोरं पान काढलं आणि वर आजची तारीख घातली. "ठीक आहे काकू. परत एकपासून."

घरी आल्यावर राव खुर्चीत बसले. ताई समोर उभ्या होत्या. आता लपवायला उरलं तरी काय होतं?

"अहो, त्या सकाळचं पापही माझंच. मीच तुम्हाला झोपा म्हटलं."

"माहीत आहे," राव म्हणाले. जीभ अजून जड होती. "मीच... ऐकलं ना."

ताईंना हुंदका आला. तो ओसरेपर्यंत राव थांबले.

"तेव्हा झोपा म्हणालीस," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "आता उठा म्हण."

ताईंचे हात सवयीनं पुढे झाले. त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

"उठा," त्या म्हणाल्या.

राव उजव्या हातावर भार देऊन उठू लागले. गुडघा लटपटला, घाम फुटला, पण ताई जागच्या हलल्या नाहीत. राव उभे राहिले तेव्हा ताईंनी रडत रडत मोजलं, "एक."