गुरवाच्या घरचा कौल

"देवीला विचारायचं नाय म्हणजे नाय," नम्रता म्हणाली. "सकाळपासून हेच सांगतेय मी."

"मग विचारायचं कुणाला? तुला?" बाळाने विचारलं.

"मला विचारलंत तर सांगेन. पण तुम्ही कुठं विचारताय, भावजी."

बाळा पडवीतल्या झोपाळ्यावर बसला होता. धाकू गुरवाचा हा थोरला भाऊ. उभं आयुष्य मुंबईत एका औषध कंपनीच्या गोदामात काढून तो गेल्या वर्षी गावी परतला होता आणि परतल्यापासून गावात राहिलेल्यांपेक्षाही जास्त गावचा झाला होता. धाकू खाली जमिनीवर बसून परडीतली तगरीची फुलं निवडत होता. एकदा निवडून झाली होती, तरी तो पुन्हा निवडत होता. बायको आणि भाऊ दोघंही त्याच्या डोक्यावरून बोलत होते, आणि बोलणं संपलं की आपल्याला मान वर करावी लागणार याची त्याला भीती वाटत होती.

भांडण समीक्षावरून चाललं होतं. धाकूची ही एकुलती एक मुलगी. रत्नागिरीच्या एका कॉलेजात तिला बीबीएला जागा मिळाली होती. उद्या संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर झालं नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. वेळणेश्वरच्या अलीकडच्या या गावातून रत्नागिरी गाठायची म्हणजे तवसाळपर्यंत एक गाडी, मग फेरीबोटीने जयगड, तिथून पुन्हा गाडी. पावसाळ्यात बोट कधी सुटेल आणि कधी थांबेल याचा नेम नाही, म्हणजे पहिलीच गाडी धरायला हवी. जे काय ठरायचं ते आजच ठरायला हवं होतं.

खरं तर ही जागा मिळेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. बारावी झाली की कॉलेजात जायचं, फॉर्म आणायचा आणि भरायचा, एवढंच या घराला माहीत होतं. बाळाच्या मुलाने मुंबईत बी.कॉम. तसंच केलं होतं. बीबीएला आता आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते हे समीक्षाला गुहागरच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं, तेही मुदत संपायच्या बेताला. तिने एकटीने अभ्यास केला, रत्नागिरीला जाऊन परीक्षा दिली आणि घरी येऊन, बरी गेली, एवढंच म्हणाली. हे शिकायचं तिच्या डोक्यात आलं ते मावशीमुळे. मावशी वेळणेश्वरला पर्यटकांना खोल्या देते. एका शनिवारी मावशीने एकच खोली पुण्याच्या दोन कुटुंबांना देऊन ठेवली होती. दोघंही सामान घेऊन अंगणात उभे, दोघंही तावातावाने बोलतायत, आणि मावशी स्वैपाकघरात लपलेली. समीक्षाने एकांना सरबत दिलं, दुसऱ्यांची शेजारच्यांकडे सोय केली आणि रात्री दोन्ही कुटुंबांना एकाच पंगतीला बसवून मोदक वाढले. त्या दिवशी घरी आल्यावर ती किती तरी वेळ त्याबद्दलच बोलत होती.

मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय, असं धाकूने तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "उत्सवाला तुम्ही आणि मानकरी करता तेच, बाबा. पालखी कुणी उचलायची, जेवण कुणी रांधायचं, कोण रुसला तर त्याला कुणी आणायचं."

"त्याला तीन वर्षं कशाला लागतात?" बाळा म्हणाला होता. "आमचा मानकरी चौथी पास आहे."

तेव्हा सगळे हसले होते. धाकूही हसला होता.

आता कुणी हसत नव्हतं. बाळाचं म्हणणं सरळ होतं. गावात घर बांधायचं असो, मुलगी द्यायची असो, पोरगा बोटीवर जायचा असो, माणसं आधी देवळात येतात. धाकू देवीच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आजोबा लावायचे, वडील लावायचे, आता धाकू लावतो. गावाला कौल द्यायचा आणि स्वतःच्या घरात वेळ आली की गप्प बसायचं, हे दिसतं कसं?

"आणि डावा आला तर?" नम्रताने विचारलं.

"तर नाय जायचं. गुहागरला बी.कॉम. करायचं. काय बिघडतं?"

"बघितलंत?" नम्रता नवऱ्याला म्हणाली. "ह्यांच्या पाकळ्या आधीच पडल्यात."

धाकूने तेव्हाही मान वर केली नाही.

गावात धाकूला शांत माणूस म्हणत. तो शांत नव्हता, भित्रा होता, आणि हे फक्त नम्रताला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा तो असा नव्हता. पूजा झाली की तो ढोल काढायचा, शिमग्यात नाचायचा, कौल लावताना त्याचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. ते बंद झालं सर्वेशच्या नंतर.

सर्वेश खालच्या वाडीतला पोरगा. त्याला बोटीवर खलाशी म्हणून जायचं होतं. आईवडील कौल घ्यायला आले. धाकूने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली. इतका झटपट कौल फार क्वचित मिळतो. बापाने नारळ फोडला, आई हसली, पोराने धाकूच्या पाया पडून पेढा दिला. पहिल्याच सफरीत सर्वेश बोटीवरून पाण्यात पडला. सापडला नाही.

सर्वेशच्या घरच्यांनी धाकूला कधी बोल लावला नाही. बाप एवढंच म्हणाला, "देवीनेच दिलेला कौल, तुझा काय दोष." आई अजून दर मंगळवारी देवळात येते, धाकूच्या हातात फूल देते आणि प्रसाद घेऊन जाते. तिने एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून धाकू वाट बघतो. पाकळ्या भिजवताना त्याची बोटं गार पडतात. पाकळी जास्त ओली राहिली तर उशिरा पडते, कमी ओली असली तर लवकर. मग त्या दिवशी देवी बोलली की आपली बोटं बोलली, हा प्रश्न त्याने कुणालाच विचारलेला नाही. विचारायचा कुणाला?

आणि आता समीक्षा. परक्या गावात हॉस्टेल. खाडीवरची फेरीबोट, तिच्या कठड्याला टेकून उभी असलेली आपली मुलगी. तिला जागा मिळाल्याचं कळल्यापासून हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. जेवताना घास तोंडात फिरायचा. डावा कौल आला तर आपण सुटू, असं एकदा त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला बोटीपेक्षा जास्त भीती वाटली.

तेवढ्यात रामभाऊ मानकरी छत्री मिटत पडवीत आले. देवळाचा मान त्यांच्या घराण्याकडे. ते बसले नाहीत. खांबाला हात लावून म्हणाले, "धाकू, पोरीचं कळलं. चांगलं झालं. कौल कधी लावताय? आम्हीपण येतो."

एवढं बोलून ते देवळाच्या वाटेला लागले. नम्रताने हातातलं सूप खाली ठेवलं. मानकऱ्यांनीच विचारल्यावर यापुढे बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, हे तिलाही कळलं.

घरचा कौल गुरवाने स्वतः लावायचा नसतो, भाऊबंदांतल्या दुसऱ्याने लावायचा असतो. त्यामुळे बाळाने आंघोळ केली आणि सोवळं नेसून तो पुढे गेला. नम्रता आली नाही. मला तिकडे उभं राहायला लावू नका, असं ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. धाकू आणि समीक्षा मागून पाखाडीने उतरले. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. धाकू दर पायरीला मागे वळून तिला, सांभाळून, म्हणत होता.

"बाबा, मी पडत नाय," समीक्षा म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "उजवा आला तर मला देवीने पाठवलं. डावा आला तर देवीने ठेवलं. माझ्या बाबांनी काय केलं, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

मी घाबरतोय गो, असं धाकूला म्हणायचं होतं. तो म्हणाला, "पुढची पायरी हलते. बाजूने ये."

देवळात समईचा उजेड होता. रामभाऊ खांबापाशी बसले होते. बाळाने तांब्यातल्या पाण्यात पाकळ्या भिजवल्या, एकेक करून पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला दाबून बसवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्याला एकूण एक शब्द पाठ होता. लेकरू शिकायला खाडीपलीकडे जातंय, तुझ्या मनात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे, आणि पुढचं मागचं तू सांभाळ.

पुढचं मागचं तू सांभाळ. धाकूने हे वाक्य आजवर किती घरांसाठी म्हटलं होतं. आज तो ते स्वतःच्या लेकरासाठी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता.

पाकळ्या हलेनात. बाहेर पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं. रामभाऊंनी एकदा खाकरून घसा साफ केला. समीक्षा हात जोडून उभी होती, पण तिचे डोळे मिटलेले नव्हते आणि ती देवीकडेही बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

इतरांना काही दिसण्याच्या आधी धाकूला दिसलं. उजवीकडच्या पाकळीच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब जमला होता आणि पाकळी वरून सुटायला लागली होती. आता एक श्वास, फार तर दोन. ती पडणार, बाळा घंटा वाजवणार, रामभाऊ नारळ मागणार. सगळे हसणार. सर्वेशची पडली होती तशीच पडणार. आणि उद्या काही झालं तर गाव त्याच्या दारात येऊन म्हणणार, तुझा काय दोष. तो स्वतःही तेच म्हणेल. उरलेलं आयुष्य तो तेच म्हणत राहील.

धाकू पुढे झाला. त्याने हात घातला आणि पाषाणावरच्या सगळ्या पाकळ्या, उजव्या आणि डाव्या, ओंजळीत उतरवून घेतल्या.

लावलेला कौल पडायच्या आधी कुणी उतरवला, असं त्या देवळात कधी झालं नव्हतं. धाकूने गाभाऱ्याच्या चौकटीचा आधार घेतला. पाकळ्या त्याने तांब्यात सोडल्या आणि देवीपुढे डोकं टेकलं. तिने आता काही करायचंच असेल तर आपल्याला करावं, पोरीला नको, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

रामभाऊ उठले. छत्री घेतली. "बघू," म्हणाले आणि गेले. त्या एका शब्दात काय काय होतं ते धाकूला पुरेपूर कळलं.

पाखाडी चढताना समीक्षाने बापाचा दंड धरला होता. तो तिला आधार देतोय की ती त्याला, ते सांगणं कठीण होतं.

नम्रताने पानं वाढली होती. तिघांचे चेहरे बघत ती वाढत राहिली. धाकूच्या पानात तिने एवढा भात घातला की तो पानाबाहेर सांडला.

बाळा जेवायला बसला नाही. तो दारात उभा राहून बोलला. गावाला काय तोंड दाखवायचं, म्हणाला. वाडवडिलांनी ज्या पाषाणाची सेवा केली त्यावरचा कौल या माणसाने हाताने पुसला, म्हणाला. रामभाऊ उद्या मानकऱ्यांना जमवतील आणि पूजा घरातून जाईल. शेवटी त्याचा आवाज खाली आला. त्यालाही भीतीच वाटत होती.

"डावा पडत होता म्हणून काढलास ना?" त्याने विचारलं.

"उजवा पडत होता," धाकू म्हणाला.

बाळा दारातून दोन पावलं आत आला. नम्रताने भाताचं पातेलं खाली ठेवलं. समीक्षाने मान खाली घातली.

"मग काढलास कशाला?"

धाकूने समोरच्या भाताकडे पाहिलं. एक घास घेऊन बघितला. तो उतरला. पाण्याचा घोट घेतला आणि मान वर केली.

"उद्या पहिल्या गाडीने मी आणि समीक्षा रत्नागिरीला जातोय," तो म्हणाला. "तिचं नाव घालून, हॉस्टेल बघून मी परत येईन. तिला मी पाठवतोय. देवीने पाठवलेलं नाय. दादा, उद्याची पूजा तू कर. पुढची पण गावाने तुला दिली, तर तीही कर."