कापूस पाहायला बँकॉकला

अकोटला सरकीचा वास आला की मला बँकॉकचं विमानतळ आठवतं. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही म्हटल्यावर बाबा पहिल्यांदा परदेशी निघाले. परतीचं तिकीट, हॉटेलची पावती मी पुन्हापुन्हा तपासत होते. “व्हिसा नाही, मंग हे कायले?” ते विचारत. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी त्यांना येण्याचं कारण विचारलं. मी तो प्रश्न मराठीत सांगताच बाबा म्हणाले, “यायच्याकडं कापूस कसा पिकते ते पाहाले.” आता अडवतात की काय, म्हणून भीतभीतच मी ते इंग्रजीत सांगितलं. “माझी आजी लावायची,” बाई हसल्या आणि शिक्का मारला. पुढे सरकताना बाबांनी विचारलं, “आपल्याकडं यायचं तर या बाईले व्हिसा लागते काय?” लागतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.